‘रिपील’साठी घेतलेलं शब्दसंग्रहाचं ॲप

कायद्याचं भाषांतर शिकते आहे. ‘रिपील’ (repeal, म्हणजे केलेला कायदा विधिमंडळानेच मागे घेणं) हा इंग्रजी शब्द चार वेळा समोर आला आणि चारही वेळा मी ‘रद्द करणे’ लिहिलं. बाईंनी दर वेळी लाल रेघ मारून शेजारी लिहिलं, ‘निरसन’. सहल रद्द होते, तिकीट रद्द होतं. कायद्याचं निरसन होतं. हा फरक मनात बसावा म्हणून हे ॲप घेतलं.

‘रिपील’चं पान खरोखर मन लावून केलंय. उच्चार आधी सावकाश, मग नेहमीच्या गतीने ऐकू येतो आणि जोर ‘पील’वर आहे हे स्पष्ट कळतं. मला सगळ्यात आवडली ती व्युत्पत्ती. जुन्या फ्रेंचमधल्या ‘परत बोलावणे’ या अर्थाच्या शब्दापासून हा आला, म्हणजे आपल्या ओळखीच्या ‘अपील’चाच भाऊबंद. ज्या विधिमंडळाने कायदा धाडला, तेच त्याला माघारी बोलावतं. एवढं वाचलं आणि शब्द पक्का झाला. उदाहरणही चपखल आहे: अमेरिकेत दारूबंदी आणणारी 18वी घटनादुरुस्ती 1919 साली संमत झाली आणि 1933 साली 21व्या दुरुस्तीने ती रिपील केली.

सराव प्रश्नांत मात्र घोळ आहे. ‘न्यायालयाने कायदा ...’ या रिकाम्या जागेत ‘रिपील’ भरलं तर ॲप ते बरोबर धरतं. हे चूक आहे, आणि शिकणाऱ्याच्या डोक्यात घट्ट बसणारी चूक आहे. न्यायालय कायदा घटनाबाह्य ठरवतं, म्हणजे ‘स्ट्राइक डाउन’ करतं. समानार्थी शब्दांतही ‘रिव्होक’, ‘रिसिंड’, ‘ॲनल’ एकाच ओळीत कोंबलेत. परवाना रिव्होक होतो, आदेश किंवा ठराव रिसिंड होतो. विवाह ॲनल झाला की कायद्याच्या नजरेत तो बहुधा झालाच नव्हता असं धरतात. रिपीलचं तसं नाही: त्या कायद्याखाली आधी झालेली कामं साधारणपणे टिकतात. म्हणून तर जुन्या कायद्याच्या जागी येणाऱ्या नव्या अधिनियमाच्या शेवटी अनेकदा ‘निरसन व व्यावृत्ती’ असं कलम असतं; ‘व्यावृत्ती’ म्हणजे आधी झालेली कामं टिकवून ठेवणारी तरतूद. ‘व्यावृत्ती’बद्दल ॲपमध्ये एक ओळही नाही.

पाचपैकी तीन तारे. उच्चार आणि व्युत्पत्तीसाठी जरूर वापरा, सराव प्रश्न सध्या टाळा. त्या न्यायालयाच्या प्रश्नाची दुरुस्ती मी बनवणाऱ्यांना कळवली आहे.