ऑर्लँडोत उतरण्याचा दिवस: डिस्नेच्या ‘पॉप सेंच्युरी’चा हिशेब

पॉप सेंच्युरी या हॉटेलबद्दल लिहिणारे बहुतेक जण चार मजली यो-यो, बोलिंगच्या अवाढव्य पिना आणि कॉम्प्युटरच्या आकाराच्या पूलबद्दल लिहितात. मुलांना ते आवडतंच. पण फ्लोरिडात, ऑर्लँडोजवळ असलेल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या या स्वस्त गटातल्या हॉटेलचा खरा कस लागतो तो पहिल्या दिवशी. विमानातून आंबून आलेली माणसं, सुटकेसा, खोली अजून तयार नाही आणि मुलांना मात्र मिकी आत्ता हवा. या दिवसाचा बेत नीट असेल तर पॉप सेंच्युरी पैसे वसूल करून देतं. बेत फसला तर दुप्पट भाड्याच्या हॉटेलातही हालच होतात.

सगळ्यात आधी तिकिटाचं. उतरण्याच्या दिवशी थीम पार्कचं तिकीट खर्ची घालू नका. दुपारी दोन-तीनला पार्कात शिरून चार राइड होतात, आणि किंमत मात्र पूर्ण दिवसाची जाते. अनेक दिवसांच्या तिकिटाला मुळातच मोकळा श्वास असतो: चार दिवसांचं तिकीट सात दिवसांत वापरता येतं. म्हणजे पहिला दिवस कोरा ठेवल्याने काहीच बुडत नाही.

त्या कोऱ्या दिवसात काय करायचं, याचं उत्तर डिस्नेने २०२५ पासून स्वतःच देऊन ठेवलं आहे. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना चेक-इनच्या दिवशी वॉटर पार्क फुकट. टायफून लगून किंवा ब्लिझर्ड बीच, त्या दिवशी जे उघडं असेल ते. खोली मिळालेली असण्याची अट नाही, तारीख चेक-इनची असली की झालं. आपल्या तारखांना सवलत चालू आहे ना, हे बुकिंग करताना तपासा आणि दारावर ओळखपत्र व बुकिंग हाताशी ठेवा.

फुकट आहे म्हणून सगळ्यांनी धावू नये. वॉटर पार्क साधारण दहाला उघडतं आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला बंद होतं. विमान अकराच्या आत उतरत असेल तर तीन-चार तास नक्की मिळतात. एकनंतर उतरणाऱ्यांनी नाद सोडावा. उन्हाळ्यात, विशेषतः जून ते सप्टेंबर, फ्लोरिडात दुपारी गडगडाटी सरी येतात आणि वीज जवळ आली की सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात. त्यामुळे तिथे सकाळचा एक तास दुपारच्या दोन तासांच्या तोडीचा. हिवाळ्यात दोन्हींपैकी एक वॉटर पार्क बहुधा बंद असतं, आणि थंडी वाढली तर दुसरंही त्या दिवसापुरतं बंद ठेवतात. जानेवारीत जाणाऱ्यांनी या सवलतीच्या भरवशावर बेत आखू नये.

लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर टायफून लगून बरं. पार्काला वळसा घालणारी संथ नदी आहे, ट्यूबमध्ये बसलं की झालं. लाटांचा तलाव मात्र दिसतो तेवढा सोज्वळ नाही. मोठी लाट माणसाच्या डोक्याएवढी उंच येते आणि काठाजवळ उभ्या असलेल्या मुलाला उलथंपालथं करते. लाइफ जॅकेट फुकट मिळतं, लाजू नका. मोठ्या घसरगुंड्यांना ४८ इंच, म्हणजे १२२ सेंटिमीटर उंची लागते. घरून निघण्याआधी भिंतीशी उभं करून मोजा, तिथे जाऊन रडारड नको. कपड्यांचंही एक आहे. चेन, बटण, बक्कल असं धातूचं काही असलेला कपडा घसरगुंडीवर चालत नाही, त्यामुळे जीन्स कापून केलेली हाफ पँट बाद. अंगभर कपडे हवे असणाऱ्या बायकांना लेगिंग आणि लांब बाह्यांचा पोहण्याचा टॉप चालतो.

हे जमायचं तर पोहण्याचे कपडे, औषधं, सनस्क्रीन आणि पासपोर्ट एका पाठपिशवीत वरच हवेत. हॉटेलात पोचताच सुटकेसा सामानाच्या कक्षात द्यायच्या, पावती घ्यायची आणि बस पकडायची. पोहण्याचे कपडे मोठ्या बॅगेच्या तळाशी गेले की लॉबीत सगळ्यांसमोर बॅग उपसावी लागते. सामान ठेवायला पैसे पडत नाहीत. खोलीवर आणून देणाऱ्याला बॅगेमागे एक-दोन डॉलर टिप देण्याची तिथे रीत आहे.

आता विमानतळ. जुन्या माहितीत ‘मॅजिकल एक्स्प्रेस’ नावाच्या फुकट बसचं कौतुक वाचायला मिळेल, जी सामान थेट खोलीत पोचवायची. ती २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. आज सामान आपणच पट्ट्यावरून उचलायचं आणि गाडी आपणच बघायची. अंतर साधारण ३०-३५ किलोमीटर, रस्ता मोकळा असेल तर अर्धा-पाऊण तास. मिअर्स कनेक्ट या खासगी सेवेच्या बसचं भाडं माणशी असतं. एकट्या-दुकट्याला ती स्वस्त पडते, चौघांचं भाडं जोडलं की आकडा उबरच्या जवळ जातो, आणि वर बस भरेपर्यंत थांबायचं, मधल्या हॉटेलांना थांबे घ्यायचे. चौघांनी सरळ उबर किंवा ‘लिफ्ट’ची टॅक्सी करावी. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचं वेगळं आहे: फ्लोरिडात मोटारीत त्यांना कार-सीट किंवा बूस्टर लावण्याचा कायदा आहे. सीट बरोबर नसेल तर बसच बरी, तिथे ती लागत नाही. भाड्याची मोटार घेणाऱ्यांसाठी चांगली बातमी ही, की डिस्नेच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना २०२३ पासून पुन्हा रात्रीचं पार्किंग फुकट आहे.

एक सूचना विमानतळाच्या रचनेबद्दल. टर्मिनल ए आणि बी एकाच इमारतीच्या दोन बाजू आहेत, पण २०२२ मध्ये उघडलेलं सी हे वेगळं, लांब आहे. दोन विमानांनी येणारे नातेवाईक ‘विमानतळावर भेटू’ असं म्हणून मोकळे होतात आणि मग एक जण सी मध्ये, दुसरा बी मध्ये. त्यापेक्षा थेट हॉटेलच्या लॉबीत भेटायचं ठरवा.

मुंबईहून ऑर्लँडोला थेट विमान नाही. नेवार्क किंवा दुसऱ्या एखाद्या अमेरिकन शहरातून येणार असाल तर इमिग्रेशन तिथेच होतं, सामान तिथेच उचलून, कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्यावं लागतं आणि सुरक्षा तपासणीही पुन्हा. दोन विमानांत तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवलात तर पहिल्या दिवसाचा बेत तिथेच गळून पडतो. बॅगेतला लाडू-चिवडा कस्टम्समध्ये जाहीर करा. फळं आणि मांसाचे पदार्थ मात्र नेऊच नका.

आणि विमान रात्री दहाला उतरत असेल तर? मग त्या रात्रीची डिस्नेची खोली घेऊ नका. पूर्ण भाडं देऊन फक्त झोपायचं, आणि चेक-इनचा दिवसही हातचा गेल्याने वॉटर पार्कची सवलत वाया. विमानतळाजवळ शटल देणारी साधी हॉटेलं भरपूर आहेत. तिथे रात्र काढून सकाळी नऊ-दहाला पॉप सेंच्युरीत दाखल व्हावं. चेक-इनचा दिवस आता हा नवा, वॉटर पार्क पूर्ण वेळ, आणि एका रात्रीच्या भाड्यातला फरकही खिशात. या हॉटेलबद्दलचा हा सगळ्यात कामाचा सल्ला, आणि तोच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

खोली मिळण्याची वेळ दुपारी तीन. डिस्नेच्या अ‍ॅपवर आधीच चेक-इन करून ठेवता येतं: येण्याची वेळ, कार्ड, खोलीबद्दलची विनंती. खोली तयार झाली की नंबर फोनवर येतो आणि फोननेच दार उघडतं, काउंटरच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. कधी बाराला निरोप येतो, कधी तीन वाजून गेल्यावर. ‘तळमजला हवा’, ‘दोन खोल्या शेजारी हव्यात’ अशा विनंत्या जितक्या जास्त, तितकी वाट बघण्याची शक्यता जास्त. गुडघेदुखीवाले आजोबा असतील तर विनंती एकच ठेवा: लिफ्टजवळ. हॉटेल २,८८० खोल्यांचं आहे, लॉबीपासून शेवटच्या इमारतीपर्यंत चालताना त्यांचा जीव मेटाकुटीला येईल. चालणं कमी हवं असेल तर लॉबीजवळच्या ‘प्रिफर्ड’ खोल्यांचे चार पैसे जास्त मोजावेत. इथे ते सार्थकी लागतात.

फोनला अमेरिकन डेटा विमानातून उतरतानाच चालू हवा, कारण खोली, बस, जेवण सगळं त्याच अ‍ॅपवर. बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते, पॉवर बँक वरच्या पिशवीत ठेवा.

खोली छोटी पण हुशारीने केलेली. दोन क्वीन पलंग, त्यातला एक भिंतीतून खाली ओढायचा. तो मिटलेला असताना तिथे टेबल असतं. दिवसा मुलांना जमिनीवर खेळायला जागा उरते, हे स्वस्त हॉटेलांत विरळा. फ्रिज आहे, कॉफी मशीन आहे, मायक्रोवेव्ह खोलीत नाही. तो खाली फूड कोर्टात. गरम पाणी घालून होणाऱ्या उपमा-पोह्यांची पाकिटं नेली तर पहाटेची भूक भागते. पाण्यात बुडवायचा आपला हीटर मात्र नेऊ नका, तिथला वीजदाब ११०-१२० व्होल्टचा.

चार माणसं ही मर्यादा आहे, वर तीन वर्षांखालचं बाळ पाळण्यात. आई-बाबा, दोन मुलं आणि आजी-आजोबा अशा सहा जणांनी तळ्यापलीकडच्या आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन हॉटेलमधले सहा जणांचे सुइट बघावेत. पण आधी पॉपच्या दोन खोल्यांचं भाडं जोडून पाहा. बहुतेक तारखांना दोन खोल्याच स्वस्त पडतात, आणि बाथरूमही दोन मिळतात.

संध्याकाळ. भारतातून थेट येणाऱ्यांनी इथे घड्याळाचं गणित करावं. उन्हाळ्यात ऑर्लँडो साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडचे पहाटेचे साडेचार. सातचं टेबल राखून ठेवलंत तर मुलं ताटात डोकं ठेवून झोपतील. बऱ्याच रेस्टॉरंटांत टेबल राखून न गेल्यास माणशी दहा डॉलर कापतात, रद्द करायचं तर दोन तास आधी. पहिल्या रात्री खालच्या फूड कोर्टातच साडेपाचला जेवून घ्यावं. तिथे पानाची खूण असलेले पदार्थ दूध-अंड्याशिवायचे असतात. कांदा-लसूण चालत नसेल तर काउंटरवर शेफला बोलवायला सांगा, येतात. प्यायचं गार पाणी कोणत्याही काउंटरवर फुकट मिळतं, बाटल्या विकत घेऊ नका.

न्यू जर्सी, टेक्सासकडून येणाऱ्या मराठी कुटुंबांना जेटलॅगचा प्रश्न नाही. त्यांना संध्याकाळ मोकळी मिळते, आणि आईवडील भारतातून येऊन एव्हाना महिनाभर रुळले असतील तर त्यांनाही. त्यांच्यासाठी एक ठिकाण खास: अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्याच हॉटेलच्या किदानी इमारतीतलं ‘सना’ रेस्टॉरंट. भारतीय धर्तीच्या रोट्या आणि त्यांच्याबरोबर चटण्या-लोणच्यांच्या वाट्यांचा थाळा, आणि खिडकीबाहेर जिराफ. अंधार पडला की जिराफ दिसत नाहीत, तेव्हा टेबल सूर्यास्ताच्या तासभर आधीचं घ्या. पॉपहून तिथे थेट बस नाही, उबरच करावी लागते. डिस्ने स्प्रिंग्ज, म्हणजे डिस्नेची दुकानं आणि रेस्टॉरंटांची पेठ, हा दुसरा पर्याय. प्रवेश फुकट, थेट बस, पण शनिवारी संध्याकाळी गर्दी इतकी की ढकलगाडी रेटता रेटत नाही.

पैसे न मोजता उत्तम संध्याकाळ हवी असेल तर स्कायलायनर, डिस्नेचा तारेवरून चालणारा पाळण्यांचा रोपवे. पॉप आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनच्या मधल्या तळ्यावर त्याचं स्टेशन आहे, तिकीट लागत नाही. कॅरिबियन बीच हॉटेलच्या स्टेशनला पाळणा बदलून एपकॉट या थीम पार्कच्या मार्गाने शेवटपर्यंत जा. ते स्टेशन पार्कच्या दाराबाहेर आहे, त्यामुळे आत न शिरता उजवीकडे-डावीकडे तळ्याकाठच्या बोर्डवॉकवर पाय मोकळे करता येतात. पाळणे वातानुकूलित नाहीत. चालू असताना वारा लागतो, थांबले की उकडतं. विजा चमकू लागल्या किंवा वारा सुटला तर सेवा बंद होते, आणि परतीसाठी बसचा शोध सुरू. आभाळ भरलेलं दिसलं तर लांब जाऊ नका.

दुसऱ्या दिवसाची तयारी मात्र या दिवशी करायची नसते, ती आठवडाभर आधी. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना लायटनिंग लेन मल्टी पास, म्हणजे राइडची लांब रांग टाळायचा विकतचा पास, चेक-इनच्या सात दिवस आधी, संपूर्ण मुक्कामासाठी घेता येतो, बाहेरच्यांना फक्त तीन दिवस आधी. हे बुकिंग तिथल्या सकाळी सातला उघडतं, म्हणजे भारतात उन्हाळ्यात दुपारी साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. जेवणाची टेबलं साठ दिवस आधी सुटतात, त्याला तर पहाटेचा गजर अमेरिकेतल्या भाच्यानेच लावावा.

भारतातून आलेली मंडळी दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला टक्क जागी होतात. डिस्नेच्या हॉटेलवाल्यांना प्रत्येक पार्क अर्धा तास आधी उघडतं. साडेसहाला नाश्ता उरकून स्टेशनवर जाऊन उभे राहा, हॉलीवूड स्टुडिओज या पार्कच्या दिशेचे पहिले पाळणे तुमचेच.