जुने स्पॅनिश कागद वाचणाऱ्यांसाठी माद्रिदचा कोशसंग्रह

बुडालेली गलबतं आणि पुरलेलं सोनं यांच्या मागावर असलेल्यांसाठी जुन्या स्पॅनिश शब्दांच्या तयार याद्या विकत मिळतात. अशी एक मी घेतली. विकणाऱ्याचं नाव इथे देत नाही. डावीकडे शब्द, उजवीकडे त्याचा एकच अर्थ. ‘देरोता’समोर लिहिलं होतं ‘पराभव’. आजच्या स्पॅनिशमध्ये ते बरोबर आहे. पण सतराव्या शतकातला सुकाणूवाला ‘देरोता’ लिहितो तेव्हा तो जहाजाचा मार्ग सांगत असतो. एवढ्या एका शब्दाने वाचणारा समुद्रातल्या लढाईच्या शोधात निघेल आणि दिशा सांगणारं नेमकं वाक्य तसंच मागे टाकेल. ‘देरोतेरो’ याच कुळातला: मार्गवर्णनाची वही. इक्वेडोरच्या यांगानातेस डोंगरांत दडवलेल्या इंका सोन्याची वाट सांगणारा ‘वाल्वेर्देचा देरोतेरो’ खजिना शोधणाऱ्यांत प्रसिद्धच आहे. यादीत हा शब्द नव्हताच.

ती यादी मी बाजूला ठेवली, आणि आता जे वापरते त्याबद्दल सांगते. स्पेनची भाषा-अकादमी, रेआल अकादेमिया एस्पान्योला, ही माद्रिदमधली 1713 सालची संस्था. तिने जुने स्पॅनिश कोश पानापानांच्या छायाचित्रांसह एकत्र करून ‘नुएवो तेसोरो लेक्सिकोग्राफिको’ या नावाने इंटरनेटवर फुकट खुले केले आहेत. शब्द टाकला की तो कोणकोणत्या वर्षांच्या कोशांत आहे ते दिसतं, आणि वर्ष निवडलं की मूळ छापील पान समोर येतं. 1611 चा कोव्हारुबियासचा कोश, 1726 ते 1739 या काळात सहा खंडांत निघालेला अकादमीचा पहिला कोश, धंद्यांचे आणि शास्त्रांचे शब्द भरभरून देणारा तेरेरोस, सगळे एका रांगेत. स्पॅनिश कच्चं असेल तर इंग्रजी अर्थ देणारे जुने द्विभाषिक कोशही आहेत. त्यांतला 1706 चा स्टीव्हन्स मला फार उपयोगी पडतो.

पेशाने मी भूमापक, त्यामुळे कुठल्याही जुन्या कागदात माझी नजर आधी मोजमापांवर जाते. खरी गोम तिथेच आहे. ‘एस्तादो’ म्हणजे आज राज्य किंवा अवस्था. विहिरीच्या, खाणीच्या किंवा पाण्याच्या खोलीबद्दल बोलताना मात्र ते पुरुषभर उंचीचं माप आहे. ते साधारण सात ‘पिएस’ (स्पॅनिश फूट) धरत, म्हणजे जवळजवळ 1.95 मीटर. ‘तीन एस्तादो खाली’ हे वाक्य ज्याला कळलं नाही त्याने कुदळ उचलू नये.

‘लेग्वा’ हे अंतराचं माप तर त्याहून घातकी. माझ्या विकतच्या यादीत तिला एकच आकडा दिला होता. वास्तविक 5000 ‘वारां’ची (वारा हे लांबीचं जुनं स्पॅनिश माप) लेग्वा कॅस्टिलच्या मापाने 4.18 किलोमीटर भरते, 20,000 पिएसची 5.57 किलोमीटर, आणि अक्षांशाच्या एका अंशाला साडेसतरा लेग्वा धरणाऱ्या खलाशांची 6.3 किलोमीटरहून जास्त. दहा लेग्वांच्या अंतरात वीसेक किलोमीटरचा फरक पडतो, आणि तेवढ्यात अख्खी खाडी चुकते. कागद कुठल्या सालचा, लिहिणारा जमिनीवरचा की समुद्रावरचा, हे ठरवल्याशिवाय लेग्वेचे किलोमीटर करूच नयेत. हा संग्रह मला मोलाचा वाटतो तो यासाठी: शब्दाचा अर्थ इथे सालासकट मिळतो.

‘आसोगे’चंही तसंच. अर्थ पारा. पण चांदी गाळण्यासाठी अमेरिकेत पारा नेणाऱ्या जहाजांनाही आसोगेच म्हणत. 1724 मध्ये आजच्या डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या सामाना उपसागराजवळ बुडालेली ‘ग्वादालुपे’ आणि ‘तोलोसा’ अशीच पाऱ्याची जहाजं होती.

संग्रहाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पानं छायाचित्रांच्या रूपात आहेत, म्हणून शोध लागतो तो मुख्य शब्दावरून. व्याख्यांच्या आतला मजकूर शोधता येत नाही. शिवाय जुने लेखनिक ब आणि व यांची खुशाल अदलाबदल करतात, मुका ‘एच्’ गाळतात, शब्द अर्धेच लिहून वर आडवी रेघ ओढतात. हस्तलिखितात दिसेल तसाच शब्द टाकला तर पुष्कळदा हाती काही लागत नाही, आधी तो पूर्ण करून घ्यावा लागतो. न्यायालयीन कागदांची ‘प्रोसेसाल’ लिपी तर मोडीसारखी, लेखणी न उचलता पळत सुटलेली. तिचा आणि हजार दाखवणाऱ्या ‘काल्देरोन’ चिन्हाचा अभ्यास वेगळाच करावा लागतो.

आणि ठिकाणांच्या नावांत कोश साथ देत नाही. ‘नुएस्त्रा सेन्योरा दे आतोचा’ ही खजिना नेणारी स्पॅनिश नौका 1622 च्या सप्टेंबरात फ्लोरिडाजवळ बुडाली. कागदांत ‘मातेकुंबे’ वाचून लोक आजच्या मातेकुंबे बेटांभोवती समुद्र धुंडाळत राहिले. त्या काळी मात्र ते नाव त्या बेटमाळेलाच सरसकट लावत. युजीन लायन या इतिहासकाराला सेव्हिलच्या इंडीज अभिलेखागारात फ्रान्सिस्को नुन्येस मेलियानच्या कागदांत ‘कायोस देल मार्केस’ हे शब्द सापडले. मेलियानने 1626 मध्ये आतोचाच्या सोबतच्या ‘सांता मार्गारिता’वरचा माल वर काढला होता. त्या शब्दांमुळे शोध मातेकुंबे बेटांपासून दीडशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला सरकला. 1973 मध्ये सापडलेल्या चांदीच्या विटांवरचे क्रमांक जहाजाच्या मालयादीशी जुळले, आणि 20 जुलै 1985 रोजी मेल फिशर या अमेरिकी खजिनाशोधकाच्या पाणबुड्या माणसांना मुख्य साठा मिळाला.

म्हणून मी दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडते. एकीत हा कोशसंग्रह, दुसरीत स्पेनच्या सरकारी अभिलेखागारांचं ‘पारेस’ हे संकेतस्थळ. तेही फुकट आहे आणि त्यावर सेव्हिलच्या कितीतरी मूळ कागदांच्या प्रतिमा पाहता येतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी कागदाचं साल पाहावं. सतराव्या शतकाचा कागद असेल तर कोव्हारुबियास, अठराव्याचा असेल तर अकादमीचे सहा खंड, आणि जहाजाच्या किंवा खाणीच्या शब्दासाठी तेरेरोस. आजचा कोश सगळ्यात शेवटी उघडावा.