अमेरिकन होमस्कूल बॉक्स नगरच्या घरात: काय चाललं, काय कपाटात गेलं

सलाम! आधी पैशाचं बोलून घेते, कारण जो तो पहिलं तेच विचारतो. अमेरिकेतून मागवलेला ख्रिस्ती होमस्कूलिंगचा, म्हणजे मुलांना घरीच शिकवायच्या पुस्तकांचा आणि साहित्याचा, एका वर्षाचा पूर्ण बॉक्स शिपिंग आणि कस्टम धरून आम्हाला ४५ हजाराच्या आसपास पडला, त्यात थोरल्याची चौथी आणि धाकटीचं पहिलीचं वाचन असं दोन्ही आलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये. मैत्रिणींकडे दुसऱ्या कंपन्यांचेही बॉक्स बघितलेत आणि साचा बराचसा एकच आहे, त्यामुळे कुठलाही घेणार असाल तरी हे कामाला येईल.

आम्ही नगरचे, म्हणजे आता कागदोपत्री अहिल्यानगर पण तोंडात नगरच बसलंय. मुलं घरीच शिकतात, मी शिकवते, सासूबाई मराठी आणि पाठांतर घेतात, आणि ह्यांच्याकडे संध्याकाळची उपासना आणि गणिताच्या तक्रारी. शाळा नाही म्हटलं की नातेवाईकांच्या कपाळाला आठ्या पडतातच, मग दरवेळी तेच सांगायचं, की अहो एनआयओएस आहे, म्हणजे केंद्र सरकारची मुक्त शाळा, तिथे लहान मुलांना ए, बी, सी लेव्हल असतात म्हणजे तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या, आणि दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरूनही बसता येतं. १७ नंबर म्हटलं की सगळे गप्प होतात, कारण प्रत्येकाच्या घरात कोणीतरी एक जण १७ नंबर भरून पास झालेला असतोच!

बॉक्समधली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे आईसाठीचं गाइड. स्पायरल बाइंडिंगचं जाडजूड पुस्तक, ३६ आठवड्यांचं, रोज काय वाचायचं, कोणतं पान सोडवायचं, कुठला प्रश्न विचारायचा सगळं चौकटीत छापलेलं. मी आधी शाळेत शिकवत होते त्यामुळे पाठटाचण मला नवीन नाही, पण रात्री भांडी आवरून उद्याचं टाचण काढत बसायचा जो कंटाळा असतो ना, तो एका फटक्यात गेला. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, ते आलं की शाळा बंद, सगळे बादल्या आणि टाक्यांच्या मागे, आणि परत येऊन गाइड उघडलं की जिथे थांबलो होतो ती चौकट समोर. एवढ्यासाठी मी याला पूर्ण मार्क देईन.

इंग्रजी वाचन पण उत्तमच. धाकटी जूनमध्ये कॅट-मॅट वाचत होती, नाताळापर्यंत छोटी गोष्टीची पुस्तकं स्वतः वाचून आजीला मराठीत अर्थ सांगायला लागली. आवाज आधी, स्पेलिंग नंतर, रोज थोडंच, आणि जुनं परत परत येतं. मराठीचं अर्थातच यात काही नाही, ते बालभारतीवरच चालतं, बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहेत आणि चित्रंही गोड असतात, त्यासाठी कुठला बॉक्स नको.

आता गणित. गणिताचं पुस्तक दिसायला इतकं सुंदर की मलाच सोडवावंसं वाटलं, पण आत सगळे इंच, फूट, पाउंड, गॅलन, तापमान फॅरनहाइटमध्ये आणि पैशाच्या धड्याला निकेल, डाइम, क्वार्टर. सोबत प्लास्टिकच्या नाण्यांचा डबा येतो. त्यात डाइम म्हणजे १० सेंट आणि निकेल म्हणजे ५ सेंट, पण डाइम आकाराने निकेलपेक्षा लहान! धाकटी हटूनच बसली की मोठं नाणं जास्तीचंच असणार, आणि तिचं काय चुकलं सांगा. दोन दिवस तेच चाललं, शेवटी ह्यांनी डबा उचलून खरी नाणी आणि १०-२० च्या नोटा काढल्या आणि भाजीवाल्या मावशींकडे पाठवलं, मेथीची जुडी आणि पाव किलो टोमॅटो, उरलेले पैसे मोजून आण. तेवढ्यात धडा झाला. गणितावर मी पैसे घालू नका म्हणेन, स्पष्टच.

कागदाबद्दल एक सांगते जे कुठल्याच रिव्ह्यूमध्ये कोणी लिहीत नाही. ही सगळी पानं अमेरिकन लेटर साइजची, म्हणजे आपल्या ए-फोरपेक्षा ६ मिलिमीटर रुंद. आपल्या फाइलमध्ये घातली की कडा बाहेर येते आणि दुमडते. शिवाय त्यांना भोकं तीन आणि आपल्या फाइलींना दोन! मी चितळे रोडवर स्टेशनरीच्या दुकानात तीन भोकांची फाइल मागितली तर दुकानदार काका म्हणाले, ताई दोनातच काय अडचण आहे. आणि वर्कबुकवर स्पष्ट छापलंय की झेरॉक्स काढायची नाही, दुसऱ्या मुलासाठी दुसरी प्रत विकत घ्या. म्हणून आम्ही पान प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून वर व्हाइटबोर्डच्या पेनने लिहितो आणि पुसतो, वर्कबुक कोरं राहतं आणि धाकटीला पुढे उपयोगी पडेल. आमच्या बॉक्समध्ये एक वाचनाचं पुस्तक कमी आलं होतं, मेल केल्यावर त्यांनी पीडीएफ पाठवली, पुस्तक काही पाठवलं नाही. ठीक आहे.

विज्ञानाचं जरा जपून लिहिते कारण आपल्याच लोकांत यावर दोन मतं आहेत. पक्षी, बिया, माणसाचं शरीर हे भाग छान आहेत, फक्त पक्षी म्हणजे रॉबिन आणि कार्डिनल, झाड म्हणजे मेपल, त्यामुळे निसर्गाची वही आम्ही कोतवाल, भारद्वाज, वेडा राघू यांनी भरली आणि थंडीत रेहेकुरीला जाऊन काळवीट बघून आलो. पण पृथ्वीच्या वयाचा धडा येतो तिथे पुस्तक काही हजार वर्षं म्हणतं. देवाने जग निर्माण केलं यावर आमच्या घरात वाद नाही, पण ज्या काळ्या दगडावर आमचं घर उभं आहे तो दख्खनचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे आणि पुढे पोरांना परीक्षेत तेच लिहायचंय. तो धडा मी सरळ वगळला. माझ्या जावेला हे पटलेलं नाही. तिचा मान ठेवून पुढे जाते.

आता खरं जे लिहायचं होतं ते, सणांचं. बॉक्स घेताना माझा जीव त्याच पानांवर जडला होता, सणांचे वेगळे युनिट, कागदाचे रंगीत दागिने, गाणी, रेसिपी, सगळं. आणि नेमकं तिथेच कळतं की हे दुसऱ्या कोणाच्या घराचं कॅलेंडर आहे.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे अमेरिकेतल्या आभाराच्या सणाचा, मोठा युनिट येतो, १६२० साली मेफ्लॉवर जहाजाने आलेले लोक, मका, भोपळा, टर्की. टर्की नगरला कुठे मिळते ते मला माहीत नाही आणि शोधायची इच्छाही नाही. पण आमच्या चर्चच्या मंडळीत दिवाळीनंतर कापणीचा सण असतो, त्याच्यापुढे हा युनिट फिका आहे हो. लोक शेतातलं पहिलं पीक, बाजरीचं पोतं, भोपळे, अंडी, जिवंत कोंबड्या घेऊन चर्चमध्ये येतात, उपासना झाली की आवारात लिलाव. एक डझन अंडी ५०० वर जातात कारण बोली लावणारा शेजारच्या बाकावरच्या मेहुण्याला चिडवायला बोली चढवत असतो! थोरल्याने यंदा लिलावाची वही लिहिली, कोणी काय आणलं, बोली कितीवर सुटली, शेवटी बेरीज करून पाळकसाहेबांना दाखवली. कृतज्ञता पण झाली, गणित पण झालं, आणि वर कोंबडी घरी आली.

मेफ्लॉवरच्या जागी इतिहासाला मी दुसरी अमेरिकन माणसं घेतली. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ ला मुंबईत उतरले, १८३१ ला नगरला आले. सिंथिया फरारबाई १८३९ पासून नगरला होत्या, मुलींची शाळा चालवली आणि १८६२ ला इथेच वारल्या. जोतीरावांनी त्यांची शाळा पाहिली होती आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं. म्हणजे ज्या देशातून माझा बॉक्स आला त्याच देशातून आलेल्या बाईने आमच्या गावात काय केलं हे बॉक्सला माहीत नाही, पण पोरांना आता माहीत आहे. थोरला विचारतो की त्यांना मराठी कोणी शिकवलं. चांगला प्रश्न आहे, गाइडमध्ये असले प्रश्न नाहीत.

नाताळाचा युनिट मात्र, खरं सांगते, पैसे वसूल. त्यात इशायाचं, म्हणजे दावीद राजाच्या बापाचं झाड आहे, जेसी ट्री म्हणतात तिकडे. १ डिसेंबरपासून रोज एक कागदाचं चित्र टांगायचं आणि त्या दिवशीची गोष्ट वाचायची, उत्पत्तीपासून सुरू होऊन २५ ला गव्हाणीपर्यंत. नोहा, अब्राहाम, रूथ, दावीद, सगळे ओळीने येतात. फांदी आम्ही बाभळीची आणली, आणि तिचा फायदा असा की काट्यालाच चित्र अडकतं, हूक लागत नाही. गोष्ट इंग्रजीत मी वाचायचे आणि तोच भाग आजी मराठी बायबलमधून वाचायच्या, रोज रात्री जेवणानंतर. धाकटीला शेवटी शेवटी चित्र बघूनच गोष्ट येत होती. बॉक्समधली पाठांतराची वचनं मात्र जुन्या इंग्रजीत आहेत, ती सोडून दिली, वचनं आजींकडे मराठीतूनच. आणि गाण्यांनाही नगरच्या घरात रेव्हरंड ना. वा. टिळकांची अभंगाच्या चालीची भजनं पेटीवर म्हणायची असतात, ती शिकवायला आजींना कुठलं गाइड लागत नाही.

जिंजरब्रेड हाउसची रेसिपी त्यात आहे. मोलॅसिस पाहिजे, तर काकवी घातली, एकदम जमली. आलं सुकं पाहिजे, तर सुंठ. बटरची एक स्टिक म्हणजे अर्धा कप, साधारण ११३ ग्रॅम, आणि ओव्हन ३५० म्हणजे फॅरनहाइट हो, आपल्या ओव्हनवर १८० च्या जरा खाली, नाहीतर कोळसा होईल. पीठ मळताना काकवी आणि सुंठेचा असा वास सुटला की शेजारच्या काकू गूळपापडी करताय का म्हणून डोकावल्या. भिंती कापायच्या वेळी पुस्तकातलं चित्र, बर्फाचं छप्पर, धुरांडं, ते बघून आजी म्हणाल्या, "नगरला बर्फ कोणी बघितलाय गं? गोठा करा की." मग धुरांडं रद्द, पुढची भिंत रद्द, तीन भिंती आणि तिरकं छप्पर, अंड्याच्या पांढऱ्याचं आयसिंग सांध्यांना, आत बिस्किटाच्याच पिठाच्या दोन शेळ्या. डिसेंबरची नगरची हवा कोरडी, त्यामुळे ते नाताळाच्या फराळाबरोबर ३१ च्या रात्रीच्या उपासनेपर्यंत कुरकुरीत राहिलं. फराळ तर होतोच, करंज्या, शंकरपाळे, चकल्या, आणि नानकटाईचं पीठ घरी मळून बेकरीच्या भट्टीवर, ट्रेवर आडनावाची चिठ्ठी लावून. बॉक्समध्ये फराळाला जागाच ठेवलेली नाही, त्या आठवड्यात रोजचं पूर्ण गणित लावलंय. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ज्या घरात करंज्या चालू आहेत त्या घरात भागाकार कोण करणार?

ईस्टरचा युनिट मधला. प्लास्टिकची १२ अंडी, प्रत्येकात एक छोटी वस्तू, गाढव, नाणी, काटे, आणि शेवटचं रिकामं. रिकामं अंडं धाकटीला फार आवडलं. बाकी फुलं, ससे, वसंत ऋतू असं सगळं, आणि इथे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला, ससा बाहेर काय फिरणार. झावळ्यांच्या रविवारी शिंदीच्या झावळ्यांचे क्रूस विणणं पोरांना ह्यांनीच शिकवलं, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, १२ ते ३ उपासनेत बसलो, त्या दिवशी गाइडमध्ये छापलेलं रंगकाम उघडलंच नाही.

तर घ्यावा का? पूर्ण बॉक्स नको. वाचन, आईचं गाइड आणि नाताळाचा युनिट सुटा मिळत असेल तर तेवढं घ्या, बऱ्याच कंपन्या सुटं विकतात, फक्त शिपिंग एकत्र पडेल असं दोन-तीन घरांनी मिळून मागवा. गणित, मराठी, इतिहास, भूगोल बालभारती किंवा एनआयओएसच्या पुस्तकांतून करा. लेव्हल निवडताना एक खालचीच घ्या कारण तिकडची इंग्रजी पहिली आपल्या पोरांना जड जाते, आणि ऑर्डर जानेवारी-फेब्रुवारीतच टाका, त्यांचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं म्हणून त्यांना घाई नसते, आपल्याला जूनला हातात पाहिजे असतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार. आणि डाइम-निकेलचा डबा नवा कोरा पडून आहे, कोणाचं पोर अमेरिकेला जाणार असेल तर फुकट घेऊन जा.