फतेगंजातला रंगीत काचेचा कारखाना: चित्र चोख, सळ्या कमी

बडोद्यात रंगीत काच म्हटली की लक्ष्मी विलास राजवाड्याचा दरबार हॉल आठवतो, पण ती काच बेल्जियमची. फतेगंजातला हा छोटा कारखाना चर्चच्या खिडक्या इथेच घडवतो, आणि चिन्हांच्या बाबतीत तो पक्का आहे. शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांपैकी मत्तयासाठी पंख असलेला माणूस, मार्कासाठी सिंह, लूकसाठी बैल, योहानासाठी गरुड. पेत्राच्या हातात किल्ल्या. तेजोवलयातला क्रूस फक्त येशूला, बाकी संतांची वलयं साधी. इथे भलेभले चुकतात. छातीच्या रक्तावर पिलं पोसणारा पाणकोळी, म्हणजे येशूच्या बलिदानाचं चिन्ह, मात्र त्यांनी फोटो बघून चोचीखालच्या झोळीसकट काढलाय. जुन्या काचांवर त्याला झोळी क्वचितच असते. चूक नाही, पण उगाच.

रेषा लोहभस्म आणि काचेच्या भुकटीच्या रंगाने काढून साधारण ६५० अंशांवर भाजतात. केसांचा, वलयांचा पिवळा चांदीच्या क्षारांचा. तो काचेच्या मागच्या बाजूला लावून कमी आचेवर वेगळा भाजतात. खिडकी ताब्यात घेताना कोपऱ्यातल्या रेषेवर नखाने घासून बघा. पावडर आली तर भट्टी कमी पडली. इथे आली नाही.

काचेचे तुकडे धरणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांचे सांधे दोन्ही बाजूंनी डाखलेले आहेत. जवसाचं तेल, खडूची भुकटी आणि काजळी यांची लांबी फटींत नीट भरली आहे. ती नसली की पावसाचं पाणी आत येतं आणि काच खडखडते. कोपऱ्यांत थोडी लांबी पुसायची राहिली आहे, ते किरकोळ.

खरी तक्रार खिडकीला आधार देणाऱ्या सळ्यांची. तीन फूट उंच तावदानाला मधोमध एकच आडवी सळई. शिसं मऊ, त्यात पश्चिमेची भिंत आणि मे महिन्याचं ऊन. काही वर्षांत अशा खिडकीला पोट सुटतं, सांधे तडकतात. दर फूट-सव्वा फुटावर सळई मागा, आणि ती सांध्यांवर डाखलेल्या तांब्याच्या तारेने बांधून घ्या. बाहेरून संरक्षक काच लावणार असाल तर वर-खाली हवेला फट हवीच, नाहीतर आत दमट वाफ कोंडते.

काच कापण्याआधी ते पूर्ण मापाचं रेखाटन दाखवतात, ही चांगली पद्धत. सळ्या त्याच कागदावर, शिशाच्या आडव्या रेषांवर आखून घ्या. देवदूताच्या नाकावरून गेलेली सळई नंतर हलवता येत नाही.