घोडबंदर रोडचं थाळी हॉटेल: जेवण फर्मास, खोली दमवणारी

ठाण्याच्या घोडबंदर रोडला नुकत्याच उघडलेल्या या थाळी हॉटेलच्या जेवणाला नावं ठेवायला जागा नाही. अळूचं फदफदं, भरली वांगी, तव्यावरून थेट ताटात पडणारा फुलका, सगळंच झकास. तरी शनिवारी रात्री इथून उठणाऱ्यांचा घसा बसलेला असतो.

दालन अंदाजे 12 मीटर लांब, 8 रुंद, 3.6 उंच. खाली व्हिट्रिफाइड टाइल, दर्शनी बाजूला काच, वर रंगवलेलं पीओपी. यातलं काहीच आवाज शोषत नाही, शोषतात ती फक्त माणसं. पन्नास जण धरून खोलीचा आकार आणि आवाज शोषणाऱ्या गोष्टी यांवरून आवाज किती वेळ घुमेल ते सांगणाऱ्या सेबाइनच्या सूत्राने हिशेब केला, तर आवाज विरायला पावणेदोन-दोन सेकंद लागतात. जेवणाच्या खोलीत तो पाऊण सेकंदात विरायला हवा. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने 1911 मध्येच नोंदवलं होतं. इथे त्याचं प्रात्यक्षिक रोज रात्री चालतं. छताखाली 50 मिमी जाडीची, कापड चढवलेली रॉकवूलची (दगडापासून केलेल्या लोकरीची) पॅनेलं निदान 60 चौरस मीटर टांगली, तर काम होईल. भिंतीला पातळ फोम चिकटवून मात्र भागणार नाही. त्याने वाट्या-चमच्यांची किणकिण घटते, बोलण्याचा गलका तसाच राहतो.

भिंतीलगतची सोफ्याची बाकं दिसायला छान, पण माणूस बसला की गादी दबून बैठक 40 सेंमीवर येते आणि टेबल 76 सेंमीवर. दोन्हींतलं अंतर 28 ते 30 सेंमी असावं. त्यात ताटातल्या वाटीचा काठ आणखी चार-पाच सेंमी वर. हाताने जेवणाऱ्याचं कोपर वरच राहतं, आमटीपर्यंत खांदा भरून येतो. लाकडी खुर्च्या बरोबर मापाच्या आहेत.

टेबलांवरचे पांढरेफट्ट एलईडी थेट स्टीलच्या ताटात चमकतात. स्वस्त एलईडीत लाल रंग नीट उठत नाही, म्हणून वांग्यांची तर्री मातकट दिसते आणि सोलकढी फिकी. 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, आणि सीआरआय 90 चे, म्हणजे रंग खरे दाखवणारे, दिवे लावले की झालं.

प्रवेश मात्र मनापासून आवडावा असा. बुटकी, अर्धवट अंधारी पडवी आणि दोन दारं. पहिलं मिटल्याशिवाय दुसरं उघडत नाही. रस्त्याची घरघर तिथेच अडते, डोळे निवतात, तुपाचा वास आधी येतो. पायऱ्यांवरच ठेच लागते: खालच्या दोन 15 सेंमीच्या, शेवटची 18 ची. आतली टाइल आणि तिच्याखालचा माल पायऱ्या बांधल्यावर पडला, वाढलेली जाडी कुणी धरलीच नाही. पाय मात्र आधीच्या दोन पायऱ्यांचा अंदाज घेऊनच पुढे पडतो.

वयस्कर मंडळींना घेऊन जाणार असाल तर रविवारी दुपारी साडेबाराच्या आत जा आणि खुर्च्यांचं टेबल मागा. छतात बसवलेल्या कॅसेट एसीच्या झोतासमोरचं नको. मान आखडते आणि फुलका चामट होतो.