एफडीवरचा ओडी आणि घरात दोन खाती: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

दिवाळी झाल्याझाल्या आम्ही एफडीवर ओडी (ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तेव्हा पैसे उचलायची सोय) काढून घेतला आणि घरखर्चाचं खातं वेगळं केलं, आता पाऊस सुरू झालाय, म्हणजे वापर भरपूर झालाय. तेवढ्यात चार जणांनी विचारलं की हे ओडी प्रकरण नेमकं काय आणि घ्यावं का, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी घरची परिस्थिती सांगतो म्हणजे कळेल आम्हाला हे का लागलं. माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे आणि मिसेस सीनियर कॉलेजला सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते. ज्यांच्या घरात कुणी सीएचबीवर आहे त्यांना पुढचं सांगायला नको, मानधन येतं, पण कधी येतं ते विचारायचं नाही, मधे काहीच नाही आणि मग एकदम तीन-चार महिन्यांचं. दुकानाचंही तसंच, ॲडमिशनच्या आणि परीक्षेच्या दिवसांत हाताला फुरसत नसते, बाकी वेळेला माश्या मारा. हप्ते मात्र सरकारी नोकरासारखे, 5 तारखेला घराचा हप्ता, 7 ला एसआयपी, 10 ला मोबाईल आणि वायफायचं ऑटोपे. वर्षाचा हिशोब केला तर पैसे पुरतात, 5 तारखेला पुरत नाहीत, एवढीच भानगड.

अमेरिकेतला चुलतभाऊ सांगतो की तिकडे खात्यात पैसे नसले तरी बँक पेमेंट जाऊ देते, खातं मायनसमध्ये नेते आणि वरून एकेका वेळेला 35 डॉलरपर्यंत लावते. आपल्याकडच्या सेव्हिंगला तसं होत नाही. आपल्याकडे पेमेंट पण होत नाही आणि चार्ज पण लागतो! हप्ता बाउन्स झाला की तुमची बँक मँडेट (आपोआप पैसे कापायला आपण दिलेली परवानगी) रिटर्नचे कापणार, ज्यांचं कर्ज आहे ते त्यांचे बाउन्स चार्जेस वेगळे लावणार, आणि उशीर झाला म्हणून दंड वेगळा. त्यात काही फायनान्सवाले तोच हप्ता तीन-चार दिवसांनी परत पाठवतात, तेव्हाही पैसे नसले की परत दोन्हीकडचे चार्ज, आणि सिबिलला जी नोंद लागायची ती लागतेच. एक गोष्ट फार जणांना माहीत नाही, चेक बाउन्सला जसं कलम 138 आहे तसं ऑटो डेबिट पैसे नसल्यामुळे परत गेलं तर त्यालाही 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम 25 आहे. एका हप्त्याला कुणी कोर्टात खेचत नाही, पण "चेक नाहीये ना मग काय होतंय" असं म्हणणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं.

तर ओडी. दोन लाखांची एफडी होती, बँकेने त्यावर 90 टक्के म्हणजे 1 लाख 80 हजारांचं लिमिट दिलं. व्याज एफडीच्या दरापेक्षा 1 टक्का जास्त, आमची एफडी 6.75 ला आहे म्हणून ओडी 7.75 ला. एफडी मोडत नाही, तिचं व्याज चालूच राहतं, आणि ओडीचं व्याज लागतं ते जेवढे वापरले तेवढ्यांवर आणि जेवढे दिवस वापरले तेवढेच दिवस. समजा 20 हजार उचलले आणि आठ दिवसांनी परत भरले तर व्याज होतं साधारण 34 रुपये. हाच हप्ता बाउन्स झाला असता तर 500 रुपये चार्ज आणि जीएसटी धरून 590, तो पण फक्त एका बाजूचा. हे गणित कळल्यावर आमच्याकडे चर्चा संपली.

पण वापरताना कळलेल्या काही गोष्टी काउंटरवर कुणी सांगत नाही. पहिली म्हणजे ओडी हे वेगळं खातं असतं, सेव्हिंगमध्ये पैसे कमी पडले की ओडीतून आपोआप येतील असं आमच्या बँकेत तरी नाही, आदल्या दिवशी आपण स्वतः ट्रान्सफर करायचे. आपोआप हवं असेल तर ऑटो स्वीप हा प्रकार वेगळा, स्टेट बँकेत त्याला मल्टी ऑप्शन डिपॉझिट म्हणतात, त्यात गरज पडली की एफडीचा तेवढाच तुकडा हजाराच्या पटीत मोडतो. ज्यांना तारखा सांभाळायला जमत नाहीत त्यांनी सरळ तेच घ्यावं. मला ओडी आवडला कारण एफडी शाबूत राहते आणि पैसे परत भरायचेत हे डोक्यात राहतं, मोडलेला तुकडा कोण परत जोडतंय!

दुसरी गोष्ट, व्याज महिन्याच्या शेवटी ओडीलाच टाकतात, ते भरलं नाही तर पुढच्या महिन्यात त्या व्याजावरही व्याज. रक्कम किरकोळ असते म्हणूनच राहून जातं. तिसरी, आणि ही मला सगळ्यात जास्त खटकते, ॲप उघडलं की त्या खात्यापुढे "उपलब्ध रक्कम 1,80,000" असं ठसठशीत दिसतं. ते आपले पैसे नाहीत, म्हणजे आहेत पण कर्ज म्हणून. मुलाने एकदा पाहिलं आणि लगेच नवीन लॅपटॉपचा विषय काढला. शेवटी ते खातं माझ्या फोनवरच्या यूपीआयला जोडलंच नाही, ओडीतून पैसे काढायचे तर नेटबँकिंगमध्ये शिरून ट्रान्सफर करावे लागतात, तेवढा त्रास मुद्दाम ठेवलाय.

खरा फरक मात्र दोन खात्यांनी पडला असं माझं मत, ओडी त्याच्या मागे उभा आहे एवढंच. सगळे हप्ते, एसआयपी, विमा हे एका खात्यातून जातात आणि त्या खात्याचं डेबिट कार्ड कपाटात, यूपीआय नाही. पैसे आले की आधी पुढच्या दोन महिन्यांच्या हप्त्यांएवढे तिकडे जातात. भाजी, पेट्रोल, दवाखाना हे दुसऱ्या खात्यातून. त्यातही शंभर-दोनशेच्या खर्चाला यूपीआय लाईट लावलंय, 5 हजारांपर्यंत एकदम भरून ठेवता येतात, म्हणजे पासबुकात चहा-वडापावच्या पन्नास एंट्र्यांऐवजी एकच येते. आधी स्टेटमेंट बघायला बसलो की दहा मिनिटांत डोकं गरगरायचं आणि बँकेने काय कापलं ते त्या गर्दीत दिसायचंच नाही.

आणि हे कापलेले चार्जेस ओळखायची एक सोपी खूण सांगतो. 17.70, 236, 295, 590 असे विचित्र आकडे दिसले की त्याला 1.18 ने भागायचं. 15, 200, 250, 500 असा गोल आकडा आला की समजायचं हा 18 टक्के जीएसटी लावलेला बँकेचा चार्ज आहे. 17.70 बहुतेक एसएमएसचे, 236 कार्डाचे वर्षाचे, 590 आले तर लगेच फोन उचला. आमच्या एका शेजारकाकांनी ही युक्ती वापरून वर्षाचं पासबुक चाळलं तर एटीएमचेच चार्ज निघाले, कारण काका दर दोन दिवसांनी हजार-हजार काढायचे. स्वतःच्या बँकेच्या एटीएमला महिन्याला पाच व्यवहार फुकट, दुसऱ्या बँकेच्या एटीएमला मुंबईसारख्या मेट्रोत तीन आणि बाकी ठिकाणी पाच, त्यापुढे 1 मे 2025 पासून एका वेळेला 23 रुपयांपर्यंत आणि जीएसटी. दुसऱ्याच्या एटीएमवर नुसता बॅलन्स बघितला तरी तो मोजला जातो हे काकांना पटतच नव्हतं.

मिनिमम बॅलन्सबद्दल पण खूप गोंधळ असतो. स्टेट बँकेने हा दंड मार्च 2020 मध्येच काढून टाकला, 2025 मध्ये कॅनरा, पीएनबी, बडोदा, इंडियन बँकेनेही साध्या सेव्हिंगचा काढला, खाजगी बँकांत मात्र बहुतेक ठिकाणी आहे. आणि तिथे बहुतेकदा सरासरी बघतात, रोज तेवढे असायलाच पाहिजेत असं नाही. 10 हजारांची मासिक सरासरी हवी असेल तर 30 दिवसांची बेरीज 3 लाख झाली पाहिजे, मग रोज 10 हजार ठेवा नाहीतर तीन दिवस 1 लाख ठेवा. मिसेसचं तुंबलेलं मानधन आलं की आम्ही ते चार दिवस तसंच पडू देतो, महिन्याची सरासरी तिथेच सुटते. फक्त तुमची बँक महिन्याची सरासरी धरते की तिमाहीची ते विचारून घ्या.

मेव्हण्याचं प्रकरण याच्या उलट. त्याने नोकरी सोडली, जुनं पगाराचं खातं तसंच राहिलं, काही महिने पगार जमा झाला नाही म्हणून बँकेने ते साधं सेव्हिंग करून टाकलं आणि मिनिमम बॅलन्स लागू. खात्यात होते ते संपले आणि पुढे ॲपमध्ये चक्क मायनस दिसायला लागलं. रिझर्व्ह बँकेचा यावर स्पष्ट नियम आहे, 1 एप्रिल 2015 पासूनचा. नुसत्या मिनिमम बॅलन्सच्या दंडामुळे सेव्हिंग खातं मायनसमध्ये नेता येत नाही, आधी कळवावं लागतं, महिन्याची मुदत द्यावी लागते, आणि दंड जेवढी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात. ब्रँचमध्ये तोंडी बोलून काही झालं नाही, लेखी अर्जात हा नियम लिहून पोच घेतली तेव्हा मायनस शून्य झालं. नसतं झालं तर 30 दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. पण मी त्याला हेही सांगितलं की बाबा रे, नोकरी सोडलीस तेव्हाच एक फेरी मारून खातं बंद करून आला असतास तर हे पुराण झालंच नसतं. ज्यांना खरंच बॅलन्स ठेवणं जमत नाही त्यांनी बेसिक सेव्हिंग खातं मागावं, त्याला मिनिमम बॅलन्स नसतोच, फक्त त्याच बँकेत दुसरं सेव्हिंग ठेवता येत नाही.

तारखांचं काम आमच्याकडे अजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर चालतं, जिथे दुधाचे खाडे लिहितो तिथेच हप्ते. ॲपचे रिमाइंडर पण लावलेत पण ते एका बोटाने उडवले जातात, भिंतीवरचं घरातल्या सगळ्यांना दिसतं. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी हप्ता जात नाही हा समज पण डोक्यातून काढा, ऑगस्ट 2021 पासून हे मँडेट सुट्टीच्या दिवशीही चालतात. चेकचंही आता तसंच, 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक त्याच दिवशी क्लिअर होतो, त्यामुळे सकाळी चेक द्यायचा आणि परवापर्यंत पैसे भरायचे हा आम्हा दुकानदारांचा जुना उद्योग बंद. कागदाच्या होलसेलवाल्याला चेक द्यायचा तर पैसे आधी खात्यात. आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सुरक्षा विमा आणि जीवन ज्योती या दोन सरकारी विम्यांचे 20 आणि 436 रुपये जातात ते कॅलेंडरवर लाल पेनने लिहा. रक्कम फुटकळ आहे, पण खात्यात नेमके तेवढे नसले तर विमाच रिन्यू होत नाही.

अजून एक, ॲपवर दिसणारा बॅलन्स आणि वापरता येणारा बॅलन्स यात फरक असू शकतो. आयपीओला अर्ज केला की पैसे खात्यात दिसतात पण ब्लॉक असतात, त्या भरवशावर हप्ता सोडू नका.

बँकेकडून आता मेसेज येतात की तुम्हाला प्री-अप्रूव्हड ओडी मंजूर, काहीही तारण नको. मी तरी घेतला नाही, विनातारण असला की व्याज बरंच चढं असतं, प्रोसेसिंग आणि दरवर्षीची रिन्यूअल फी वेगळी, आणि मागे एफडी नसल्यामुळे ते खरंखुरं कर्ज. ज्यांचा पगार ठरलेल्या तारखेला येतो त्यांना तर एफडीवरचाही ओडी लागणार नाही, हप्त्याची तारीख पगारानंतर चार दिवसांनी मागून घेतली की झालं, बरेच कर्जवाले विचारल्यावर बदलून देतात. हे दुकानदार, शिकवणीवाले, सीएचबीवाले अशा लोकांसाठी ठीक आहे.

आमची एफडी दसऱ्याच्या सुमारास संपतेय. एफडी मॅच्युअर झाली की ओडीचं लिमिट पण संपतं आणि जे काही उचललेलं असेल ते एफडीतून वळतं करतात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये तो शून्यावर आणून ठेवणार आहे. पुढच्या वेळी दोन लाखांऐवजी एक लाखाच्याच एफडीवर काढायचा विचार आहे, एवढ्या महिन्यांत 40 हजारांच्या वर कधी उचलावे लागले नाहीत, आणि मुलाला लॅपटॉप दिसायला पण जरा कमी दिसेल.