फेडोरा सिल्व्हरब्ल्यू : आठ महिने रोज वापरल्यावर

जुन्या सिस्टीमवर मी मुद्दाम बंद केलेली तीन-चार सेटिंग्ज एका अपडेटनंतर परत चालू झालेली दिसली. मला कुणी विचारलंही नव्हतं. सिस्टीम सुरक्षित हवीच, पण तिच्या किल्ल्या माझ्याकडे हव्यात, हे त्या दिवशी पक्कं केलं.

आधी क्युब्ज ओएस ही सुरक्षेवर भर देणारी ऑपरेटिंग सिस्टीम लावून पाहिली. झेन हायपरवायझरवर (एकाच संगणकात अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) ती प्रत्येक काम वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे आभासी संगणकात, चालवते. सुरक्षेत तिचा हात धरेल असं डेस्कटॉपवर मला दुसरं काही दिसलं नाही. मात्र तिला 16 जीबी रॅम द्यावी अशी शिफारस आहे, आणि माझ्याकडे 8. मग फेडोरा लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या सिल्व्हरब्ल्यू या ऑपरेटिंग सिस्टीमकडे वळलो.

हिचा मूळ भाग फक्त वाचण्यापुरता असतो, त्यात सहजासहजी काही घुसत नाही. अपडेट आलं की शेजारी सिस्टीमची नवी प्रतिमा, म्हणजे अख्खी प्रत, तयार होते आणि रीस्टार्ट केल्यावर ती लागू होते. जुनी तशीच राहते. याची खरी किंमत तिसऱ्या महिन्यात कळली. एका कंपनीचा व्हीपीएन क्लायंट सिस्टीमवर चढवला आणि रीस्टार्टनंतर नेटवर्कच गायब. पंधरा मिनिटांत मीटिंग होती. बूट मेनूतली दुसरी ओळ निवडली, कालची सिस्टीम जशीच्या तशी उभी राहिली. मीटिंग झाल्यावर निवांतपणे रोलबॅकची, म्हणजे जुन्या प्रतीवर कायमचं परतण्याची, कमांड दिली.

कोणत्या प्रोग्रामने कशाला हात लावायचा यावर पहारा ठेवणाऱ्या एसई-लिनक्सशी मात्र माझं आधी भांडणच झालं. पॉडमन या साधनाने बनवलेल्या कंटेनरला (प्रोग्राम वेगळा चालवायचा कप्पा) माझा एक फोल्डर दिला, तर ‘परमिशन डिनाइड’. फोल्डरच्या परवानग्या तीनदा तपासल्या, सगळ्या बरोबर. जिथे शोधावं तिथे एकच सल्ला: एसई-लिनक्स बंद करा. ते एका कमांडचं काम आहे, आणि एक संध्याकाळ मी ते बंद ठेवलंही. मग लॉग नीट वाचला, तर कारण तिथेच लिहिलेलं: फोल्डरवरचं लेबल कंटेनरला चालणारं नव्हतं. फोल्डर कंटेनरला जोडताना (माउंट करताना) कमांडमधल्या त्याच्या पत्त्याच्या शेवटी कोलन आणि कॅपिटल झेड लावला, काम झालं, आणि पहारा पुन्हा चालू केला. मला हवी होती ती सिस्टीम हीच: अडवते, का अडवलं ते सांगते, आणि शेवटचा शब्द माझा ठेवते.

फ्लॅटपॅकबद्दल, म्हणजे इथे ॲप्स ज्या स्वरूपात मिळतात त्याबद्दल, थोडं सावध राहा. ॲप सँडबॉक्समध्ये (बाकी सिस्टीमपासून वेगळ्या कुंपणात) आहे म्हणजे बंदिस्त आहे असं नाही. ॲप्सच्या परवानग्या दाखवणारं आणि बदलू देणारं फ्लॅटसील उघडून पाहिलं, तर फोटो बघायच्या एका साध्या ॲपला माझा अख्खा होम फोल्डर मोकळा होता! मी ती परवानगी काढून फक्त फोटोंचा फोल्डर दिला. ॲपचं काहीच अडलं नाही. नवीन ॲप घेतलं की आधी फ्लॅटसील, ही आता सवयच झाली आहे.

गैरसोयी आहेत. मूळ सिस्टीममध्ये पॅकेज घालायचं तर सहसा रीस्टार्ट आलाच, म्हणून डेव्हलपमेंटची साधनं टूलबॉक्समध्ये, म्हणजे मूळ सिस्टीमला न छेडता काम करायच्या कंटेनरमध्ये, ठेवावी लागतात. त्याला हात बसायला मला महिना लागला. बाहेरचा कर्नल ड्रायव्हर (सिस्टीमच्या गाभ्यात चालणारा) सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय, चालू ठेवून वापरायचा तर त्यावर डिजिटल सही करून स्वतःची डिजिटल किल्ली नोंदवावी लागते. हे पहिल्यांदा करताना घाम फुटतो.

आणखी एक. दर आठवड्याला सगळं ताजं देणाऱ्या डिस्ट्रोचा (लिनक्सच्या प्रकाराचा) मोह मलाही होता. पण मार्च 2024 मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला बॅकडोअर (लपवलेला चोरदरवाजा) आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरनी एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिन जरासं रेंगाळतंय म्हणून शोधून काढला. फेडोराच्या प्रसिद्ध झालेल्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत तो पोचला नव्हता. सहा महिन्यांनी येणारी आवृत्ती मला पुरते.

पुढच्या रविवारी बहिणीच्या लॅपटॉपवर हीच लावणार आहे. तिला ब्राउझर, ऑफिस आणि फोटो एवढंच लागतं, टूलबॉक्स उघडायचीही वेळ येणार नाही. डिस्क एन्क्रिप्शनची टिक तेवढी इन्स्टॉल करतानाच आठवणीने करायची, नंतर ते काम फार किचकट होऊन बसतं.